'विमा चालू' लिहिलेली सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली, तर तो विमा नेमका कुणाचा?

रात्री अकरा वाजता फोन बघता बघता ती जाहिरात समोर येते. लाल रंग, दारावर पट्टे, मोठे अलॉय, आणि खाली चारच गोष्टी लिहिलेल्या: पुणे पासिंग, सेकंड ओनर, विमा चालू, पेपर क्लिअर. किंमत साडेपाच लाख. एवढ्या पैशात नवी गाडी घ्यायची म्हटलं, तर साधी हॅचबॅक येते, तीही खालचं मॉडेल. मग केज, माजलगाव, परळी, गेवराई, कुठंही बसलेल्या पोराच्या डोक्यात हिशोब सुरू होतो. सकाळची बस धरायची, पुणं गाठायचं, गाडी बघायची, सौदा करायचा आणि रात्रीतून चालवत घरी आणायची.

इथपर्यंत सगळं ठीक आहे. आता समजा, अहिल्यानगर सोडून गाडी कड्याच्या पुढं आलीये. उसाचा हंगाम आहे. पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चाललाय, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. ब्रेक लागतो, पण उशिरा. माणूस सुखरूप आहे. गाडीचं तोंड मात्र गेलंय: बंपर, रेडिएटर, हेडलाईट, दोन एअरबॅग.

जाहिरातीत 'विमा चालू' होतं, आणि ते खोटंही नव्हतं. तरी या अपघातात त्या पोराला गाडीच्या दुरुस्तीसाठी विम्याचा एक रुपया मिळण्याची शक्यता फार कमी आहे. स्वस्तातली स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांची खरी फसगत इंजिनात होत नाही, ती या दोन शब्दांत होते.

चावी हातात आली, विमा नाही आला

गाडीच्या फुल इन्शुरन्समध्ये दोन वेगळे विमे एकत्र बांधलेले असतात. एक थर्ड पार्टी. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं, तर त्याला भरपाई. हा कायद्यानं सक्तीचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार त्याच्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणली तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा. हा ऐच्छिक आहे.

गाडी विकली की थर्ड पार्टीचा भाग कायद्यानंच नव्या मालकाकडं जातो. त्याच कायद्याचं कलम १५७ तसं सांगतं. का? कारण रस्त्यावर ज्याला धडक बसली त्याला कागदावर कुणाचं नाव आहे याच्याशी घेणंदेणं नसतं, त्याची भरपाई अडकू नये. नव्या मालकानं १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला अर्ज करून पॉलिसीवर नाव लावून घ्यायचं, हेही त्याच कलमात आहे.

पण ओन डॅमेजचं तसं नाही. तो विमा कंपनी आणि एका विशिष्ट माणसातला करार आहे. माणूस बदलला की करार आपोआप पुढं सरकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच कम्प्लीट इन्शुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स या खटल्यात हे स्पष्ट केलं: कलम १५७ चं संरक्षण थर्ड पार्टीपुरतं आहे, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी कंपनीची संमती लागते. म्हणून कड्याच्या पुढं ठोकलेल्या गाडीत गंमत अशी होते की, जुन्या मालकाचं नाव पॉलिसीवर आहे पण गाडी त्याची नाही, आणि नव्या मालकाची गाडी आहे पण पॉलिसी त्याची नाही. क्लेम करायला दोघांतलं कुणीच धड नाही.

त्यात आणखी एक पेच आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेताना थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. ओन डॅमेज मात्र एकेका वर्षाचा घेता येतो. त्यामुळं दोन-अडीच वर्षं जुन्या गाडीचा मालक 'विमा चालू आहे' म्हणतो तेव्हा तो खरंच बोलत असतो. फक्त चालू असतो तो थर्ड पार्टी. ओन डॅमेज कदाचित पहिल्याच वर्षानंतर भरलेला नसतो. म्हणून फोनवर 'विमा आहे का?' असं विचारायचंच नाही. पॉलिसीची पीडीएफ मागायची, आणि त्यात 'ओन डॅमेज'च्या रकान्यात कधीपासून कधीपर्यंतची तारीख आहे ते बघायचं.

मालकाला १५ लाखांचं अपघात संरक्षणही पॉलिसीसोबत असतं. तेही नोंदणीकृत मालकाला आणि चालू लायसन्स असेल तरच. रात्रीतून गाडी घरी आणणारा पोरगा त्या रात्री या संरक्षणातही बसत नाही.

एवढ्या पैशात स्पोर्ट्स कार मिळते तरी कोणती?

इथं शब्दाचा घोळ मिटवून टाकू. दोन दारं, दोन सीट, छप्पर उघडणारी अशी खरीखुरी स्पोर्ट्स कार भारतात मोजकीच विकली गेली. गोव्यात १९९० च्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या बॉडीची टू-सीटर बनायची, रेनॉचं छोटं इंजिन असलेली. आज ती हौशी लोकांकडंच सापडते. ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड-४, मर्सिडीज एसएलके या दहा-पंधरा वर्षं जुन्या झाल्या की मोठ्या शहरांत नव्या एसयूव्हीच्या किमतीला येतात. ती किंमत बघून हुरळून जाऊ नये. गाडी स्वस्त होते, तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत. एकेकाळी चाळीस-पन्नास लाखांच्या असलेल्या गाडीचा गिअरबॉक्स आजही चाळीस-पन्नास लाखांच्या गाडीचाच असतो.

पाच ते आठ लाखांत जे मिळतं त्याला स्पोर्टी हॅचबॅक म्हणावं लागेल. आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच गाड्या बीडपासून फार लांब बनलेल्या नाहीत. फियाटची अबार्थ पुंतो २०१५ मध्ये आली, १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती, नवी असताना किंमत दहा लाखांच्या आतबाहेर. ती पुण्याजवळच्या रांजणगावची. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय चाकणची. त्याशिवाय मारुतीची बलेनो आरएस, टाटाची टियागो जेटीपी, ह्युंदाईची आय-२० एन लाईन. बजेट वाढवता आलं तर स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २०१७ ची, २३० पीएस. स्कोडाचा कारखाना तर आपल्या मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला.

कारखाना जवळ आहे म्हणून सर्व्हिसही जवळ असेल असं मात्र समजू नका. युरोपीय गाडीला अधिकृत सर्व्हिस हवी तर बीडवाल्याला बहुतेक वेळा संभाजीनगर, अहिल्यानगर किंवा पुणं गाठावं लागतं. बीडहून संभाजीनगर सव्वाशे किलोमीटरच्या पुढं आहे. गाडी बंद पडली तर टोइंगचं बिल त्या अंतरावर लागतं. फियाटनं तर भारतात पुंतो विकणं कधीच बंद केलं, त्यामुळं अबार्थचे खास पार्ट शोधावे लागतात आणि थांबावं लागतं. टियागो जेटीपी किंवा बलेनो आरएसचं तसं नाही, कारण त्यांचा बराचसा सांगाडा साध्या टियागो-बलेनोचाच आहे. बीडमध्ये राहून रोज वापरायची असेल तर हा मुद्दा शून्य ते शंभरच्या आकड्यापेक्षा मोठा आहे.

पोलो जीटीत सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतो. चालवायला भारी, पण त्याच्या जुन्या ड्राय क्लच प्रकाराची मेकॅट्रॉनिक नावाची यंत्रणा बिघडण्यासाठी बदनाम आहे, आणि ती बदलायची म्हटली तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. ट्रायल घेताना ट्रॅफिकमध्ये, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हळूहळू चालवून बघा. गाडी थरथरली, झटके दिले तर 'सगळ्या पोलोला असंच असतं' हे उत्तर ऐकून परत या.

प्रीमियमचा उलटा हिशोब

स्पोर्ट्स कारचा विमा महाग असतो हे बहुतेकांनी इंग्रजी व्हिडिओत ऐकलेलं असतं. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये ते खरंही आहे. तिथं पंचविशीच्या आतल्या पोराला वेगवान गाडीचा विमा घ्यायचा म्हटलं तर घाम फुटतो. आपल्याकडं थर्ड पार्टीचा प्रीमियम सरकार ठरवतं, आणि तो अश्वशक्ती बघत नाही, चालवणाऱ्याचं वयही बघत नाही. तो फक्त इंजिनाचा सीसी बघतो. १ जून २०२२ पासून लागू झालेले दर असे: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ रुपये, त्यापुढं ७,८९७ रुपये. वर १८ टक्के जीएसटी.

याचा अर्थ काय होतो बघा. अल्टो के-१० चं इंजिन ९९८ सीसी. आय-२० एन लाईनचं टर्बो इंजिनही ९९८ सीसी. एकीची ताकद जवळपास दुप्पट, थर्ड पार्टी प्रीमियम तोच, २,०९४. बलेनो आरएसही याच गटात, २०२० नंतरची एक लिटरची पोलो टीएसआयही. जुनी १.२ लिटरची पोलो जीटी आणि १.४ लिटरची अबार्थ ३,४१६ च्या गटात, म्हणजे साध्या डिझायरच्या बरोबरीला. टर्बोवाल्यांसाठी ही सरकारी भेटच म्हणायची. २ लिटरची ऑक्टाव्हिया व्हीआरएस घेतली की मात्र सरळ ७,८९७.

ओन डॅमेजचा दर कंपनी ठरवते. तो गाडीची धरलेली किंमत, वय, सीसी आणि नोंदणीचं ठिकाण यावर जातो. नोंदणीसाठी देशाचे दोन झोन आहेत. मुंबई, पुणे, दिल्ली, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, अहमदाबाद ही आठ शहरं अ झोनमध्ये, बाकी सगळा देश ब मध्ये. बीडचं एमएच-२३ आणि अंबाजोगाईचं एमएच-४४ पासिंग ब मध्ये येतं, आणि तिथं दर थोडा कमी असतो. खूप नाही, पण असतो.

गाडी वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच चालणार असेल, म्हणजे घरी दुसरी गाडी किंवा बुलेट आहे आणि ही फक्त रविवारची, तर 'जेवढं चालवाल तेवढं भरा' या प्रकारचं अॅड-ऑन विचारून बघा. आयआरडीएआयनं जुलै २०२२ मध्ये त्याला परवानगी दिली आहे.

खरी मेख आयडीव्हीत आहे

आयडीव्ही म्हणजे विमा कंपनीनं धरलेली गाडीची किंमत. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण संपली तर जास्तीत जास्त एवढेच पैसे मिळणार. पहिल्या पाच वर्षांसाठी घसाऱ्याचा तक्ता ठरलेला आहे, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो आणि आयडीव्ही कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. स्वस्तातल्या स्पोर्टी गाड्या बहुतेक याच वयाच्या असतात. त्यामुळं ऑनलाईन पॉलिसी काढताना स्क्रीनवर दिसणारा आकडा मुकाट्यानं मान्य करायचा की भांडायचं, हे आपल्यावर येतं.

बरेच जण प्रीमियम कमी दिसावा म्हणून आयडीव्हीची पट्टी डावीकडं ओढतात. हजार-पंधराशे वाचतात. मग काय होतं, ते एका उदाहरणानं बघू. यातले दुरुस्तीचे आकडे समजण्यापुरते धरलेत, नियम खरे आहेत.

समजा आठ वर्षं जुनी पोलो जीटी साडेपाच लाखांना घेतली आणि आयडीव्ही तीन लाख ठेवली. अपघात झाला, वर्कशॉपनं २ लाख ३० हजारांचं एस्टिमेट दिलं. नियम असा की, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस'. तीन लाखांचे ७५ टक्के म्हणजे सव्वादोन लाख. गाडी दुरुस्त होण्यासारखी आहे, तरी कागदावर ती मेली. हातात तीन लाखांच्या आतबाहेर येणार, आणि साडेपाच लाखांचं स्वप्न भंगारवाल्याच्या ट्रकवर चढणार. आयडीव्ही साडेचार लाख असती, तर मर्यादा ३ लाख ३७ हजार ५०० झाली असती आणि गाडी वाचली असती. युरोपीय हॅचबॅकच्या बाबतीत हे सहज घडतं, कारण गाडीची किंमत खाली आलेली असते आणि पार्टची किंमत वरच असते.

आता टोटल लॉस नाही असं धरू. बिल दोन लाख. त्यात प्लास्टिक, रबर आणि एअरबॅग मिळून ६० हजार, लोखंडी भाग ९० हजार, मजुरी ५० हजार. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर सरसकट ५० टक्के कपात. फायबरच्या भागांवर ३० टक्के. काचेवर काही नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहाच्या पुढं ५०. म्हणजे ३० हजार आणि ३६ हजार, असे ६६ हजार कापले. वर सक्तीची कपात हजार रुपये (१५०० सीसीच्या वरच्या गाडीला दोन हजार). कंपनी देणार १ लाख ३३ हजार, खिशातून ६७ हजार. पेंटच्या सामानावरची कपात यात धरलेलीच नाही.

ही कपात टाळायला झिरो डेप लागतो. पण बहुतेक कंपन्या तो ठरावीक वयापर्यंतच देतात, बऱ्याचदा पाच ते सात वर्षं. म्हणजे गाडी निवडतानाच हा प्रश्न विचारायचा असतो. सहा वर्षांची गाडी ५० हजारांनी महाग आणि नऊ वर्षांची स्वस्त असेल, तर एका अपघातात तो फरक फिटून जातो. सौदा करायच्या आधी गाडीचा नंबर टाकून दोन-तीन कंपन्यांकडं कोटेशन काढा. दहा मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे.

इंजिन प्रोटेक्टचंही तेच. सप्टेंबर २०२५ मध्ये बीडसह मराठवाड्यात पावसानं काय हाल केले ते सगळ्यांनी पाहिलं. पाणी शिरलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायला गेलं आणि इंजिन जाम झालं, तर साधी पॉलिसी ते नुकसान सहसा देत नाही. बसक्या गाडीला पाणी लवकर गाठतं. आणि पुराचं पाणी पिऊन आलेली गाडी धुऊनपुसून विकायला येऊ शकते, म्हणून बघताना सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते.

जुनी पॉलिसी गाडीची कुंडली सांगते

नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. वर्षभर क्लेम केला नाही की २० टक्के, मग २५, ३५, ४५, करत ५० टक्क्यांपर्यंत. विकणारा म्हणाला, 'पन्नास टक्के बोनस आहे, तुम्हालाच मिळेल', तर ते चुकीचं आहे. पॉलिसी नावावर करताना कंपनी उरलेल्या काळाच्या बोनसचे पैसे नव्या मालकाकडून भरून घेते. ते न भरता तसाच क्लेम लावला तर नाकारायला कारण मिळतं. उलट स्वतःची जुनी गाडी विकून ही घेत असाल, तर आपल्या कंपनीकडून बोनसचं पत्र घ्या, तीन वर्षांपर्यंत ते नव्या गाडीला वापरता येतं.

पण विकणाऱ्याच्या पॉलिसीवरचा बोनसचा आकडा एका वेगळ्या कामाला येतो. पाच वर्षं जुनी गाडी, एकच मालक, आणि बोनस शून्य? मग गेल्या वर्षी क्लेम झालाय किंवा विमा ९० दिवसांपेक्षा जास्त काळ बंद पडला होता. 'एक ओरखडा नाही' म्हणणाऱ्याला तो कागद दाखवून विचारायचं. बोलण्यापेक्षा हा कागद प्रामाणिक असतो.

आरसी, टीटी फॉर्म आणि दिल्लीची स्वस्ताई

आपल्याकडं सेकंडहँड बाजारात अर्ध्या गाड्या कोऱ्या टीटी फॉर्मवर फिरतात असं गमतीनं म्हणतात. विकणारा सही करून देतो, एजंट फॉर्म खिशात ठेवतो, गाडी दोन-तीन हात फिरते आणि आरसीवर नाव पहिल्याचंच. हे विकणाऱ्यालाही महागात पडतं. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सांगितलं की, गाडी कितीही हात फिरली असली तरी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर. त्यामुळं खरेदीदारानं 'तुमच्याच भल्याचं आहे' असं सांगून मालकाला सोबत घेतलं तर तो सहसा नाही म्हणत नाही.

फॉर्म २९ आणि ३० हे मालकी बदलाचे, फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरवायला बँकेच्या एनओसीसोबत फॉर्म ३५, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून आणायची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात आणली तर नंबर बदलत नाही, एमएच-१२ बीडमध्येही एमएच-१२ च राहतो. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी पाटी लावलीये का ते बघा, आणि ई-चलान किती थकलेत तेही. वेगवान गाडीवर वेगाची चलानं असतात, यात आश्चर्य काय.

दिल्ली पासिंगच्या गाड्या एवढ्या स्वस्त का? तिथं १५ वर्षांपुढच्या पेट्रोल आणि १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाची आणि नंतर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. त्या आदेशांत पुढं बदल होत गेले, पण टांगत्या तलवारीखालची गाडी स्वस्तात निघणारच. ती महाराष्ट्रात आणली की इथं पुन्हा रोड टॅक्स भरावा लागतो. नव्या पेट्रोल गाडीला तो किमतीनुसार ११ ते १३ टक्के, आयात गाडीला २० टक्के, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी. तिकडचा टॅक्स परत मागायचा तर तिकडच्या ऑफिसशी पत्रव्यवहार. गाडी १५ वर्षांची झाली की नोंदणी नूतनीकरण साध्या कारला ५,००० आणि आयात कारला ४०,००० रुपये, आणि २० वर्षांपुढं २०२५ च्या नव्या दरानं त्याच्या दुप्पट. जुनी आयात स्पोर्ट्स कार घेणाऱ्यानं हे आकडे आधी मांडावेत.

कागद किती तपासायचे? पुण्याजवळ बनलेली डीसी अवंती आठवत असेल. २०१२ च्या ऑटो एक्स्पोत ती भारताची पहिली स्पोर्ट्स कार म्हणून गाजली (सॅन स्टॉर्मवाल्यांनी यावर हरकत घ्यायला हवी होती). डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी तिच्या कंपनीच्या संस्थापकाला अटक केली. एकाच इंजिन आणि चासी नंबरवर वेगवेगळ्या राज्यांत नोंदणी, आणि एकाच गाडीवर एकापेक्षा जास्त कर्जं, असा पोलिसांचा आरोप होता. आरोप म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. पण हा आरोप ज्या प्रकारचा आहे तो समजून घेण्यासारखा आहे: आरसी खरी वाटते, नंबर खरा वाटतो, आणि तोच चासी नंबर दुसऱ्या कुठल्या तरी गाडीवरही असतो. म्हणून बोनेट उघडून चासी आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष बघायचा, तो आरसीशी, पॉलिसीशी आणि एमपरिवहन अॅपवरच्या नोंदीशी ताडायचा. नंबरच्या आजूबाजूला घासल्याच्या खुणा असतील तर तिथूनच रामराम.

सायलेन्सर, मॅप आणि रील

स्पोर्टी गाडी आधीच्या मालकानं जशीच्या तशी ठेवलेली असेल असं क्वचितच होतं. मोठा आवाज करणारा सायलेन्सर, खाली बसवलेली स्प्रिंग, 'स्टेज वन मॅप', म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणं. जाहिरातीत हे कौतुकानं लिहिलेलं असतं. कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विम्याच्या बाजूनं बघितलं तर न कळवलेला बदल म्हणजे सर्व्हेअरच्या हातात दिलेलं आयतं कारण. बदललेली गाडी घ्यायचीच असेल तर मूळ सायलेन्सर आणि स्प्रिंग सोबत मागा आणि आधी त्या बसवा.

शर्यत, वेगाची चाचणी यांसाठी वापरलेल्या गाडीला साधी पॉलिसी लागू होत नाही, ते तिच्या छापील अटींतच असतं. मांजरसुंब्याच्या घाटात दोन गाड्या शेजारी-शेजारी पळवल्याची रील स्वतःच्याच अकाउंटवर टाकली, तर कंपनीला पुरावा शोधायला कुठं जावं लागणार नाही.

मग गाडी आणायची कशी?

सौदा ठरल्यावर घाई करायची नाही एवढंच. आधी मालकासोबत फॉर्म २९-३० वर तारखेसकट सह्या, पैसे बँकेतून, त्याच दिवशी दोघांच्या सहीचं वेळ लिहिलेलं डिलिव्हरीचं पत्र. वेळ अशासाठी की, संध्याकाळी सहानंतरचं चलान कुणाचं यावर नंतर वाद नको. त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेलनं नावबदलाचा अर्ज पाठवायचा, सोबत फॉर्म आणि जुनी पॉलिसी जोडून. काही कंपन्या लगेच नाव लावतात, काही आरसी नावावर होईपर्यंत थांबा म्हणतात. थांबा म्हणाल्या तर तेवढे दिवस गाडी दारात झाकून ठेवायची किंवा गाडी तिच्याच मालकाकडं राहू द्यायची. जुन्या पॉलिसीचा काळ थोडाच उरला असेल तर आपल्या नावानं नवी पॉलिसी काढणं जास्त सोपं जातं. ती तपासणीनंतर मिळते, त्यामुळं गाडीचे सगळ्या बाजूंचे फोटोही आपोआप नोंदीला येतात.

क्लेम नाकारलाच तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. बीड जिल्हा लोकपालांच्या पुणे कार्यालयाच्या हद्दीत येतो, ५० लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथं फी नाही आणि वकीलही लागत नाही. दुसरा रस्ता बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. दोन्हीकडं पहिला प्रश्न एकच असतो: अपघाताच्या दिवशी आरसी आणि पॉलिसी कुणाच्या नावावर होती, आणि नावबदलाचा अर्ज केल्याची तारीख कोणती?